काड्यांचं स्टेशन

माझ्या तंजावूरच्या घरमालकांनी पहिल्या दिवशी मला किल्लीच्या आधी नकाशा दिला. दहा बाय बाराच्या त्या खोलीत खाट कुठे, ट्रंक कुठे, पाण्याचं मडकं कुठे, छत्री कुठल्या खिळ्याला, सगळं काळ्या शाईत मोजमापांसकट काढलेलं होतं. खाली कोपऱ्यात सही आणि तारीख. चौथ्या दिवशी उकाड्याने हैराण होऊन मी खाट खिडकीखाली ओढली. सकाळी हे गृहस्थ कॉफीचा टंबलर घेऊन दारात उभे. त्यांनी खाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ही खाट ड्रॉइंगांत येथे नाही."

"वारा इथे येतो, राव."

"वारा कोठून येतो मज ठावूक अहे. पहिले ड्रॉइंग बदलायचं, मग खाट हलवायची. तुम्ही देशावरचे लोक उलटं करतां."

संध्याकाळी सुधारलेला नकाशा दाराखालून आत सरकला. त्यात खाट खिडकीखाली होती. आता ती तिथे कायदेशीरपणे होती.

मी साताऱ्याकडचा. राजवाड्यातल्या मोडी कागदांच्या याद्या करायच्या कामावर साठ सालाच्या आसपास तिकडे गेलो आणि सात वर्षं राहिलो. राजवाड्यामागच्या गल्लीतली ही खोली मला मिळाली ती मी मराठी बोलतो एवढ्याच पुण्याईवर. त्यांच्या मराठीत माझ्या पणजोबांच्या तोंडचे शब्द तमिळ हेल काढून येत, आणि घरात देवनागरी वाचणारं कोणी नव्हतं. पहिला महिनाभर आम्ही एकमेकांशी मराठी बोलत होतो आणि दोघांनाही निम्मंच कळत होतं. सात वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी कायम "देशावरचे".

रेल्वेत ते इमारतींचे इन्स्पेक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. स्टेशनं, गुदामं, गँगमनच्या खोल्या, सगळ्यांची छपरं आणि खांब धड ठेवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गल्लीतले तमिळ शेजारी त्यांना 'इन्स्पेक्टर रायर' म्हणत; रायर म्हणजे तमिळ तोंडातले राव. कोणाच्याही घरी गेले की चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करत. यजमान लगबगीने "या, या" म्हणत बाहेर येई. यांचं तिकडे लक्षच नसे. कान चौकटीला लावून हे लाकूड पोकळ झालंय का ते ऐकत असत. त्यांच्या बायकोला गल्लीतले सगळे मामी म्हणत, मीही म्हणायचो. मामी मला एकदा म्हणाल्या, "लग्नाच्या घरींसुद्धां मांडवाचे खांब वाजवीत फिरतात. व्याही मज विचारतो, हे मृदंग शिकवितात कां म्हणून."

ड्रॉइंगवर त्यांची जी श्रद्धा होती तेवढी मी देवावर कोणाची पाहिली नाही. जगातली सगळ्यात उत्तम रचना कोणती, असं मी विचारलं तेव्हा मला वाटलं, बृहदीश्वराचं देऊळ म्हणतील. ते म्हणाले, "वाढलेलं केळीचं पान." मीठ कुठे, भाजी कुठे, भात कुठे, पानाचं टोक कोणत्या हाताला, हे न शिकवता लाखो लोकांना ठाऊक असतं, आणि वाढणारा आंधळा असला तरी चुकत नाही. एखाद्या लग्नात लोणचं चुकीच्या कोपऱ्यात पडलं तर ते जेवायचे थांबत, लोणचं बोटाने उचलून जागेवर ठेवत आणि मग पुढे जेवत.

अशा माणसाच्या घरी एके दिवशी अमेरिकेतून खोकं आलं.

तिरुवैयारूला वीणा शिकायला आलेला एक अमेरिकन तरुण माझ्या आधी त्या खोलीत राहून गेला होता. (त्याचाही खाटेचा नकाशा होता, मी पाहिलाय.) खेळण्यातल्या आगगाड्यांचा त्याला शौक होता. रावांची आठवण ठेवून त्याने एक स्टेशन पाठवलं होतं. स्टेशन म्हणजे आपल्याला वाटतं तसं तयार, रंगवलेलं नव्हे. खोकं उघडलं तर आत लाकडी काड्यांच्या जुड्या, कागदासारख्या पातळ फळ्या, छपराच्या कौलांसाठी कागदी पट्ट्या, चिमूटभर बारीक लोखंडी सामान आणि घडी घातलेला एक भला मोठा नकाशा. सगळं आपण कापायचं, आपण जोडायचं. साडेतीन मिलिमीटर म्हणजे एक फूट.

मामींनी आत डोकावून पाहिलं. "हें काय? चूल पेटवायला काड्या पाठविल्या कां?"

रावांनी एक काडी उचलली, तिच्यावर नखाने टिचकी मारली, कानाशी धरली. मग नकाशा ओट्यावर पसरून त्याच्यापुढे मांडी घालून बसले ते जेवायच्या वेळेपर्यंत उठले नाहीत. मी कामावरून आलो तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, घरात पाळणा हलला.

कामाची पद्धत त्यांनी लगेच बसवली. नकाशावर तेल लावलेला पातळ कागद अंथरायचा, म्हणजे सरस चिकटत नाही. त्यावर भिंतीचा सांगाडा काडी काडी टाचणीने अडकवून जोडायचा. काडी दाढीच्या पात्याने कापायची, पण एका घावात नाही, तीन घावांत, म्हणजे टोक चेपत नाही. सूचनांचा कागद इंग्रजी होता. ते एकेक सूचना मोठ्याने वाचत, पुरी झाली की तिच्यापुढे खूण करत. तेरा सूचना अशा बिनतक्रार पार पडल्या आणि एक भिंत उभी राहिली.

चौदाव्या सूचनेवर गाडी रुळावरून घसरली.

त्यात म्हटलं होतं की आता लाकूड जुनं दिसू द्या. शाई स्पिरिटमध्ये पातळ करून फासा. तारेच्या ब्रशने खरवडा. फळ्यांची टोकं थोडी चिरा. चार कौलं उचकटा, एक काच फोडा. त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग चष्मा काढून मला म्हणाले, "देशावरचे, हें तुम्ही वाचा. माझं इंग्रजी चुकलं असेल."

मी वाचलं. इंग्रजी चुकलं नव्हतं.

"तीस वर्षं मी फुटक्या काचा बदलत फिरलों," ते म्हणाले. आवाज खरोखर दुखावलेला होता. "आतां नवी काच घेऊन मीच फोडूं? स्टेशन बांधायचं नि पडकं करायचं, ही कसली रीत?"

मी सुचवलं की ती एक सूचना सोडून द्या. त्यांनी माझ्याकडे मी गाय मारायला सांगितल्यासारखं पाहिलं. ड्रॉइंग अर्धं मानायचं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. तीन आठवडे ती एकुलती भिंत ओट्यावर तशीच पडून होती. येता-जाता ते तिच्याकडे बघत आणि काहीतरी पुटपुटत. मला गंमत वाटत होती. एवढ्याशा काड्यांपायी एवढा घोर कशाला, असं मी मामींना म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

"ड्रॉइंग मोडायचा प्रश्न त्यांना पहिल्यानं पडला नाही," त्या म्हणाल्या. "एकदां पडला होता. तेव्हां मोडलं नाही. त्याचं दुखणं अहे."

ते दुखणं काय, हे मला आडि महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, कळलं. पापनाशमच्या अलीकडे, लाइन वळण घेते तिथे, एक लहानसं लाकडी स्टेशन होतं. तीन बाजूंनी बंद, रुळांकडची बाजू उघडी, आत एक बाक आणि तिकिटाची खिडकी. ते पाडून तिथेच सिमेंटचं बांधणार, अशी बातमी त्यांचा एक जुना मेस्त्री घेऊन आला. "तेथेच? त्याच बाजूस?" रावांनी विचारलं. त्याच बाजूला, त्याच तोंडाने, मेस्त्री म्हणाला. राव उठून आत गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी मला सगळं सांगितलं.

ते स्टेशन त्यांनीच बांधलेलं. नोकरीचं पहिलं वर्ष. नकाशा मद्रासहून आला होता, एका गोऱ्या साहेबाच्या सहीचा. ज्या मुलखासाठी तो मुळात काढला होता तिथे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून स्टेशनचं उघडं तोंड ईशान्येला. पण कावेरीच्या मुलखात खरा पाऊस ऐप्पसीत, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराला पडतो, आणि तो ईशान्येकडूनच येतो. आ वासलेल्या तोंडात सरळ आत.

"पहिला खांब पुरायचा होता. मी हातीं ड्रॉइंग धरून उभा. येथलाच जन्म माझा. ऐप्पसींत काय होणार तें मज दिसत होतं, जसें तुम्ही आतां दिसतां. स्टेशन रुळांच्या पलीकडे घेतलं असतं तर तोंड फिरलं असतं, सगळं कोरडं. एक शब्द बोलायचा होता."

"मग?"

"ड्रॉइंगवर सही होती."

तीस वर्षं त्या स्टेशनात लोक भिजत उभे राहिले. पोरंबाळं, बाळंतिणी, बियाण्याची पोती. त्यांनी दरवर्षी जाऊन कुजलेले खांब बदलले, पण जागा काही बदलता येत नव्हती. आणि आता तीच चूक सिमेंटमध्ये होणार होती, म्हणजे आणखी शंभर वर्षांची निश्चिंती. त्यांनी तीन अर्ज पाठवले. एकालाही उत्तर नाही. निवृत्त माणसाचा अर्ज म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या आठवड्यात त्यांनी अमेरिकन भिंत कोमट पाण्यात भिजवून अलगद सुटी केली. काड्या मोजल्या. आपलं पापनाशमजवळचं स्टेशन बसेल एवढ्या होत्या, आठ उरत होत्या. चौदा सूचनांचा कागद घडी करून पेटीत गेला. जन्मात प्रथमच त्यांनी दुसऱ्याचं ड्रॉइंग बाजूला ठेवलं आणि स्वतःचं काढायला घेतलं.

पण त्यांना नुसतं स्टेशन काढायचं नव्हतं, पाऊसही काढायचा होता. ऐप्पसी लागली तशी मला रविवारी पहाटे उठवून ते पॅसेंजरने तिकडे नेऊ लागले. मी छत्री धरायची. ते शाळकरी कोनमापक आणि ओळंब्याची दोरी घेऊन पाऊस किती तिरका येतो ते मोजायचे. आत एक म्हातारी मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकल्यांची, पाटी घेऊन बसायची. तिने त्या तमाशाची पहिली दहा मिनिटं सोसली.

"रायरे," ती तमिळमध्ये म्हणाली, "पाऊस मोजून तो काय बाजारात विकणार?"

राव गंभीरपणे म्हणाले की पाणी जमिनीवर कुठपर्यंत येतं ते हवं आहे. म्हातारी उठली आणि पायाच्या अंगठ्याने तिने फरशीवर एकेक रेघ दाखवली. "लहान पावसात इथवर. मोठ्या पावसात इथवर. वादळात त्या भिंतीपर्यंत, मग मी पाटी डोक्यावर घेऊन उभी राहते. बावीस वर्षं बसतेय." त्यांनी त्या तिन्ही रेघा मोजून वहीत घेतल्या. मग, मला अजिबात अपेक्षा नसताना, तिला सांगितलं की हे स्टेशन मीच चुकीच्या बाजूला बांधलं.

म्हातारीने त्यांना खालून वर न्याहाळलं. "तेव्हा तोंड नव्हतं का?"

"तोंड होतं," राव म्हणाले. "नोकरी नवी होती."

तिने त्यांच्या हातावर एक मुरुक्कू ठेवला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. परतीच्या गाडीत त्यांनी तो खाल्ला नाही, हातात धरून बसले.

मार्गळी संपेपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, स्टेशन उभं राहिलं. हातभर लांबीच्या फळीवर मध्ये रूळ, आणि स्टेशन असं बसवलेलं की उचलून रुळांच्या अलीकडे-पलीकडे ठेवता यावं. तीन हात व्हार्निश, कारण सरसाला पाण्याचं वैर. आणि मग एका संध्याकाळी ते मला पेटीतून तो घडी घातलेला कागद काढताना दिसले. चौदावी सूचना. त्यांनी शाई स्पिरिटमध्ये पातळ केली आणि ईशान्येकडच्या खांबांचे पाय, खऱ्या स्टेशनात जितके इंच कुजले होते तितकेच, काळे केले. एका फळीचं टोक चिरलं.

"आतां कळलं," ते म्हणाले. "पडकं करायला सांगत नाहीत. कोठे पडलं नि कां पडलं तें दाखवायला सांगतात. मी त्या माणसांवर उगीच रागावलों."

त्याच सुमाराला त्यांनी मला माझ्या कामाबद्दल पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला. राजवाड्यातल्या त्या सगळ्या मोडी कागदांत कोणी 'चूक माझी झाली' असं लिहून ठेवलंय का? मी आधी हसलो, मग खरंच शोधू लागलो. विहिरी खचल्या, भिंती पडल्या, हिशेब बुडाले, सगळं कागदोपत्री होतं. दोष मात्र कारकुनाचा, गवंड्याचा, पावसाचा, ग्रहांचा. सही करणाऱ्याचा एकदाही नाही. मी त्यांना तसं सांगितलं. "हं," एवढंच म्हणाले.

मग आम्ही स्टेशन घेऊन स्टेशनात गेलो. तंजावूरला तेव्हा एक तरुण इंजिनियर आलेला होता, तमिळ, हुशार, चेहऱ्यावर सदा घाई. राव झटक्यात, म्हणजे तिकडच्या घोडागाडीत, बसले, फळी मांडीवर, आणि मी शेजारी मामींची तुळशीला पाणी घालायची झारी घेऊन. तमिळ-इंग्रजीत झालेलं ते बोलणं मी माझ्या भाषेत सांगतो.

कचेरीत इंजिनियर खेळणं पाहून खूश झाला. काड्या कुठून आणल्या, एवढे बारीक खिळे कसे ठोकले, असं विचारू लागला. रावांनी उत्तर न देता खिशातून पुडी काढली आणि स्टेशनच्या फरशीवर कोलम म्हणजे रांगोळी काढायचं तांदळाचं पीठ भुरभुरलं. मग झारी बरोबर मोजलेल्या तिरक्या कोनात धरून पाऊस पाडला. फायली ओल्या होऊ लागल्या. शिपाई धावला. "थांब," इंजिनियर म्हणाला, कारण फरशीवरचं पीठ म्हातारीच्या पहिल्या दोन्ही रेघा पार करून मागच्या भिंतीपर्यंत काळं पडलं होतं. रावांनी स्टेशन उचललं, पुसलं, रुळांच्या पलीकडे ठेवलं, नवं पीठ भुरभुरलं आणि तोच पाऊस पुन्हा पाडला. पीठ पांढरं राहिलं.

इंजिनियर बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "पटलं. जागा बदलता येईल. पण मंजूर नकाशा बदलायचा तर कारण लिहावं लागतं." त्याने पेन उघडलं. "मी लिहितो, पूर्वीच्या युरोपियन अधिकाऱ्याने स्थानिक हवामानाची माहिती नसताना जागा ठरवली. तो कधीच इंग्लंडला गेला. कोणाला काही त्रास नाही."

मला वाटलं, सुटलो. मी झारी उचललीसुद्धा.

"असं लिहूं नका," राव म्हणाले.

"का? खरंच आहे ते."

"तो इथला नव्हता. त्याला पाऊस ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता."

इंजिनियरने पेन खाली ठेवलं. त्याने समजावून पाहिलं, आणि मनापासून समजावलं. लेखी दिलंत तर वरून खुलासा मागतील, जुन्या फायली उघडतील, तुम्ही बांधलेल्या प्रत्येक इमारतीकडे बोट जाईल. तीस वर्षांची स्वच्छ नोकरी आहे, कशाला? मी मराठीत तेच म्हटलं, मामी तर घरी आधीच म्हणाल्या होत्या, हात दाखवून अवलक्षण. राव ऐकत होते. ते घाबरलेही होते. कपाळावर घाम होता, मी पाहिला. पण त्यांनी हात पुढे करून टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. त्यातल्या दोन मला पाठ आहेत. पावसाची दिशा मला ठाऊक होती. मी बोललो नाही. खाली सही आणि तारीख. इंजिनियरने तो कागद वाचला आणि फायलीत लावताना तो उभा राहिला.

खुलासे मागवले गेले, दोन वेळा. रावांनी दोन्हींना त्याच दिवशी, नकाशासह उत्तर दिलं. पुढे काही झालं नाही. गल्लीत मात्र कुजबुज झाली की रायरांवर चौकशी बसली, आणि ज्यांच्या चौकटी त्यांनी फुकट तपासून दिल्या होत्या त्यातले काही जण रस्त्यात दुसरीकडे बघू लागले. त्याचं त्यांना वाईट वाटायचं. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण त्यांचं टकटक करत फिरणं त्या वर्षी कमी झालं.

पुढच्या ऐप्पसीत आम्ही गेलो. सिमेंटचं नवं स्टेशन रुळांच्या पलीकडे उभं होतं, पाठ पावसाकडे करून. बाहेर धो धो चाललं होतं आणि आत दहा-बारा माणसं निवांत बसली होती. एका बाईने तर पोराला फरशीवरच निजवलं होतं. राव आत जाऊन वाकले आणि तळहात सबंध फरशीवर फिरवत भिंतीपासून कडेपर्यंत आले. लोक बघत होते. मग ते तसेच पांढऱ्या धोतरासकट खाली बसले. "कोरडं अहे," मला म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची तसदी त्यांनी घेतली नाही. मलाही भरून आलं.

मुरुक्कूवाली म्हातारी बाकाखाली पाटी ठेवून बसली होती. रावांनी तिला विचारलं, आता बरं आहे ना?

"कोरडं आहे, खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "पण गाव राहिलं पलीकडे. डोक्यावर पाटी घेऊन रूळ ओलांडायचे, खडीत पाय मुरगळतो. काल पडले." तिने पदर सारून सुजलेला घोटा दाखवला.

रावांनी घोट्याकडे पाहिलं. रुळांकडे पाहिलं. पलीकडे जुन्या जागेवर रेल्वेचा मुकादम चार माणसांना घेऊन पाडलेल्या फळ्या रचून ठेवत होता. मी म्हणणार होतो की घरी जाऊन नकाशा काढू, अर्ज करू. तोवर ते उठले होते. छत्री माझ्याच हातात राहिली. त्या पावसात खडी तुडवत ते रूळ ओलांडून गेले, आणि फळ्यांकडे, मग त्या जिथे अंथरायच्या त्या रुळांमधल्या खडीकडे बोट दाखवत मुकादमाशी बोलू लागले. मुकादमाने हात हलवून उद्या-परवाचं काहीतरी सांगितलं असावं. कारण मग रावांचा आवाज चढला, आणि एवढ्या पावसातूनही तो आम्हाला स्टेशनात स्वच्छ ऐकू आला. "इप्पवे!" ते ओरडत होते. आत्ताच. "इप्पवे!"